परतीचा रस्ता मोकळा असताना: डोनाल्ड क्रोहर्स्टचं प्रकरण

ब्रिटनच्या डोनाल्ड क्रोहर्स्टने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत आपली जागा खोटी सांगून फसवणूक केली, यात न कळण्यासारखं काही नाही. फसवणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. न कळण्यासारखं आहे ते पुढचं. जे बक्षीस लाटण्यासाठी त्याने हा उद्योग केला असं आपण धरून चालतो, ते आपल्या पदरात पडू नये म्हणून तो शेवटी होडी मुद्दाम सावकाश हाकत होता. आणि ते पदरात पडणारच अशी चिन्हं दिसली तेव्हा तो कोसळला.

१९६८-६९ मधलं हे प्रकरण ब्रिटनमध्ये बरंच चघळलं गेलं आहे. कुणी त्याला लबाड म्हटलं, कुणी वेडा. दोन्ही शब्द वापरले की विचार करायची गरज उरत नाही, ही त्यांची सोय. मला मात्र हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं वाटतं, कारण यातला पुरावा दुर्मिळ आहे. एखादा माणूस असं का वागला हे एरवी त्याच्या किंवा इतरांच्या नंतरच्या आठवणींवरून ठरवावं लागतं, आणि आठवणी सोयीस्कर असतात. इथे त्या त्या दिवशी, एकटं असताना लिहिलेल्या नोंदी आहेत.

शर्यत आणि माणूस

१९६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. वाटेत तो फक्त सिडनीला थांबला होता. राणीने त्याला 'सर' केलं आणि इंग्लंडभर त्याचा उदो उदो झाला. आता उरलं होतं ते एकदाही न थांबता तीच फेरी मारणं. मार्च १९६८ मध्ये 'संडे टाइम्स'ने त्यासाठी 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात केव्हाही निघायचं, कुणाची मदत घ्यायची नाही, कुठेही थांबायचं नाही आणि आफ्रिकेचं गुड होप, ऑस्ट्रेलियाचं लूविन व दक्षिण अमेरिकेचं हॉर्न या तिन्ही भूशिरांना वळसा घालून परत यायचं. सगळ्यांत आधी परतणाऱ्याला सोनेरी चषक आणि सगळ्यांत कमी दिवसांत फेरी पुरी करणाऱ्याला ५००० पौंड. ही दोन बक्षिसं वेगवेगळी होती, हे लक्षात ठेवावं लागेल. पात्रतेची परीक्षा नव्हती. नऊ जण निघाले.

क्रोहर्स्ट त्यांतला सर्वांत नवखा नव्हता, पण दर्यावर्दीही नव्हता. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने होडी फिरवणाऱ्यांपैकी तो एक. जन्म १९३२ चा, गाझियाबादचा. वडील इथल्या रेल्वेत नोकरीला होते. स्वातंत्र्यानंतर कुटुंब इंग्लंडला गेलं. वडिलांनी आयुष्यभराची पुंजी खेळाचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात घातली होती. तो कारखाना पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या भागात होता आणि फाळणीच्या दंगलीत जळाला. १९४८ मध्ये वडीलही गेले. मुलाच्या पुढच्या वागण्याचं मूळ इथेच शोधण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो टाळावासा वाटतो. पुंजी गमावलेल्या बापांची हजारो मुलं वाढली, त्यांनी खोटी लॉगबुकं, म्हणजे सफरीच्या नोंदवह्या, लिहिली नाहीत.

आधी वायुदल, मग लष्कर, आणि दोन्हीकडून काही ना काही कारणाने बाहेर. पुढे त्याने सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटरला स्वतःची छोटी कंपनी काढली, 'इलेक्ट्रॉन युटिलायझेशन'. रेडिओच्या लहरींवरून दिशा सांगणारं हातात धरायचं उपकरण हे तिचं मुख्य उत्पादन. उपकरण चांगलं होतं, धंदा चालत नव्हता. घरात बायको आणि चार मुलं. हुशार, बोलघेवडा आणि समोरच्याला पटवण्यात तरबेज असं त्याचं वर्णन ओळखीच्या सगळ्यांनी केलं आहे.

या पटवण्याचा नमुना पाहण्यासारखा आहे. स्टॅन्ली बेस्ट नावाच्या कॅराव्हॅनच्या व्यापाऱ्याने त्याच्या कंपनीत १००० पौंड घातले होते आणि कंपनीची घसरण पाहून त्याला ते परत हवे होते. क्रोहर्स्टने त्याच माणसाकडून नव्या होडीचा खर्च काढला. शर्यत जिंकलो की कंपनीची जाहिरात होईल, उपकरणं खपतील आणि तुमचे जुने पैसेही सुटतील, असा त्याचा युक्तिवाद. बेस्टही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. मोहीम फसली तर होडी क्रोहर्स्टने विकत घ्यायची असं करारात घालून घेतलं गेलं. राहतं घरही गहाण पडलं. म्हणजे होडी पाण्यात उतरण्याआधीच अर्ध्या वाटेतून परतण्याची किंमत दिवाळखोरी अशी ठरून गेली होती. पुढचं सगळं या एका कलमाच्या उजेडात वाचावं लागतं.

अर्धवट होडी

त्याने निवडली ती तीन सांगाड्यांची, चाळीस फुटी 'ट्रायमरन'. ही होडी वेगवान असते, पण उलटली तर आपोआप सरळ होत नाही. दक्षिण महासागरात, जिथे लाटांना अडवायला जमीनच नाही, तिथे हा दोष जीवावरचा ठरतो. क्रोहर्स्टकडे त्यावर उपाय होता. डोलकाठीच्या टोकाला फुगणारी पिशवी, होडी कलली की ते ओळखणारे संवेदक आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा त्याने स्वतः बनवायचा संगणक. कल्पना खोटी नव्हती. फक्त ती पुरी झाली नाही. होडी निघाली तेव्हा आत रंगीबेरंगी तारांचे जुडगे भिंतीभिंतीने फिरवलेले होते आणि त्यांची टोकं कशालाच जोडलेली नव्हती.

सप्टेंबरच्या अखेरीस होडी पाण्यात उतरली. नॉरफोकहून डेव्हनमधल्या टिनमथ गावापर्यंत आणायला तीन दिवस पुरतील असं वाटलं होतं, लागले तेरा. टिनमथने त्याला आपलं मानलं होतं, कारण होडीचं नाव 'टिनमथ इलेक्ट्रॉन' होतं. रॉडनी हॉलवर्थ हा माजी गुन्हेवार्ताहर त्याचा प्रसिद्धीप्रमुख झाला. बातमी फुगवणं हे त्याचं पोट भरायचं साधन, आणि त्यात तो निष्णात. निघण्याची अखेरची तारीख ३१ ऑक्टोबर. त्या दिवशी दुपारी क्रोहर्स्ट निघाला, दोर गुंतल्यामुळे परत ओढून आणावा लागला आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा निघाला. गळतीचं पाणी उपसायची नळी आणि दुरुस्तीचे सुटे भाग मागेच राहिले.

आदल्या रात्री हॉटेलात त्याने बायकोला सांगितलं की होडी धड नाही. तिने विचारलं, आता माघार घेतलीस तर जन्मभर रुखरुख लागेल का? तो रडला. सकाळी निघाला. त्या रात्री त्याला आपल्याकडून 'जाऊ नकोस' एवढंच ऐकायचं होतं, हे तिला फार नंतर उमगलं. या प्रकरणातला मला सगळ्यांत बोचणारा तपशील हाच. एका माणसाला थांबायचं आहे, पण थांबण्याचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा असं त्याला वाटतं. दुसरी व्यक्ती प्रेमापोटी त्याच्या स्वप्नाच्या आड येत नाही. दोघांचाही दोष नाही आणि परिणाम मात्र भयंकर.

१५ नोव्हेंबर

दोन आठवड्यांत होडीने रंग दाखवले. आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्रणेचे स्क्रू निखळू लागले. बसायच्या जागेतल्या झडपेतून पाणी आत शिरलं आणि वीज बनवणारा जनरेटर भिजला. सांगाड्यांत पाणी झिरपत होतं आणि ते हाताने उपसावं लागत होतं. १५ नोव्हेंबरला त्याने बसून सविस्तर टिपण लिहिलं. काय काय बिघडलं आहे, पुढे गेलो तर काय, मागे फिरलो तर काय, कुठल्या बंदरात थांबता येईल, बेस्टचं काय होईल, घरच्यांचं काय होईल. दक्षिण महासागरात शिरलो तर जगण्याची शक्यता फार तर निम्मी, असा त्याचा हिशेब होता.

हे टिपण वेड्याचं नाही. अभियंत्याने लिहावा तसा तो थंड डोक्याचा अहवाल आहे. पुराव्यावरून निघणारा निष्कर्ष एकच होता, परत फिरा. त्याच शर्यतीतले इतर तेच करत होते. रिजवे, ब्लाइथ, फुजरों, किंग, कारोझो असे पाच जण या ना त्या कारणाने बाहेर पडले. कुणाची होडी मोडली, कुणाचं पोट बिघडलं. त्यांची कुणी फार निर्भर्त्सनाही केली नाही. क्रोहर्स्टने परतायचं नक्की केलं नाही आणि पुढे जायचंही नक्की केलं नाही. तो दक्षिणेला सरकत राहिला.

अशा वागण्याला आज अभ्यासकांच्या भाषेत तयार उत्तरं आहेत. बॅरी स्टॉ याने १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका कंपनीचा पैसा तिच्या विभागांत वाटायला दिला. आपण स्वतः निवडलेला विभाग तोट्यात गेला असं ज्यांना दाखवलं, त्यांनीच त्या विभागात आणखी जास्त पैसा ओतला. चूक दुसऱ्याची असती तर त्यांनी हात आखडता घेतला असता. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की तोट्याच्या बाबतीत माणूस जुगारी होतो. ३००० नक्की गमवायचे की ४००० गमावण्याची ८० टक्के शक्यता पत्करायची, असं विचारल्यावर १०० पैकी ९२ जणांनी जुगार पत्करला, हिशेबाने तो महाग असूनही.

क्रोहर्स्टला हे चपखल लागू पडतं, पण अर्धंच. बुडीत खात्यात आणखी पैसे घालणारा माणूस निदान पुढे तरी जात असतो. नक्की तोटा टाळायला जुगार खेळणारा निदान फासा तरी टाकतो. क्रोहर्स्टने जीवाचा जुगार खेळायचं नाकारलं, आणि शहाणपणाने नाकारलं. दिवाळखोरीही नाकारली. दोन्ही दारं नको म्हणणाऱ्याला तिसरं दार लागतं, आणि एकट्या माणसाला भर समुद्रात ते फक्त कागदावर उघडता येतं.

खोटं बोलण्याची मेहनत

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून त्याच्या नोंदी दोन झाल्या. एक खरी जागा आणि एक सांगायची जागा. लवकरच त्याने तारेने कळवलं की आपण एका दिवसात २४३ सागरी मैल तोडले. एकट्या दर्यावर्दीसाठी हा विक्रमच होता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. चिचेस्टरला मात्र तेव्हाच शंका आली. सरासरी इतकी मंद असलेली होडी अचानक अशी कशी उडाली?

इथे लोक एक गोष्ट विसरतात. ही थाप म्हणजे आळशाची पळवाट नव्हे. त्या काळी जागा ठरवायची ती सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून, अचूक वेळ टिपून आणि तक्त्यांवरून गणित मांडून. खरं गणित वाचनापासून जागेकडे जातं. खोट्यासाठी त्याला उलटा प्रवास करावा लागला. आधी मनाने एक जागा ठरवायची, तिथे त्या दिवशी त्या वेळी सूर्य किती उंचीवर दिसला असता ते काढायचं, मग ते जणू मोजलंच आहे अशा थाटात पुन्हा सरळ गणित लिहायचं. रोज. जिथे आपण नाही तिथला वारा आणि तिथलं आभाळही सांगता आलं पाहिजे. नंतर ज्यांनी हे कागद तपासले त्यांनी त्याच्या या कारागिरीची दाद दिली आहे. खरी सफर करणाऱ्यापेक्षा खोटी लिहिणाऱ्याला गणित जास्त पक्कं लागतं, आणि ते त्याच्याकडे होतं.

मग परतण्यापेक्षा हे कष्ट सोपे का वाटले? माझं उत्तर असं, की परतणं हा एक निर्णय होता आणि खोटं हे रोजचं काम होतं. निर्णय घेतला की तो कुणाला तरी सांगावा लागतो, बेस्टला, टिनमथला, बायकोला. रोजचं काम मात्र फक्त आजच्यापुरतं असतं. आज एक खोटी जागा लिहिली म्हणजे आयुष्यभराची फसवणूक केली असं वाटत नाही. उद्या होडी दुरुस्त होईल, परवा खरोखर वेग धरता येईल, सांगितलेली जागा आणि खरी जागा कुठेतरी जुळतील, अशी सोय त्यात शिल्लक असते. क्रोहर्स्टने खोट्याची निवड केली त्या दिवशी बोट ठेवता येत नाही, कारण तसा दिवस बहुधा नव्हताच. त्याने दर दिवशी निवड पुढे ढकलली. या ढकलण्याचा साठा म्हणजे ती फसवणूक.

जानेवारी १९६९ मध्ये त्याने जनरेटरची झडप बंद करण्याचं निमित्त सांगून रेडिओ थांबवला. हे कारण नसून गरज होती. कोणत्या किनाऱ्यावरच्या केंद्राशी संपर्क होतो त्यावरून होडी कुठे आहे याचा सुगावा लागतो. तो तर हिंदी महासागरात असल्याचं भासवत होता आणि होता दक्षिण अटलांटिकमध्येच. जवळजवळ तीन महिने तो गप्प राहिला. मार्चच्या सुरुवातीला होडीची भगदाडं बुजवायला तो अर्जेंटिनाच्या रिओ सालाडो इथे गुपचूप किनाऱ्याला लागला. नियमानुसार शर्यत तिथेच संपली होती. प्लायवूड आणि स्क्रू घेऊन तो पुन्हा निघाला. किनाऱ्यावरच्या काही लोकांनी त्याला पाहिलं, तटरक्षकांच्या वहीत नोंदही झाली, पण ती लंडनपर्यंत कधी पोचलीच नाही.

दुसरा न कळणारा माणूस

याच मार्चमध्ये शर्यतीत आणखी कुणीतरी असं वागलं की भल्याभल्यांनी कपाळावर हात मारला. बर्नार्ड मोआतेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी हॉर्न ओलांडून परतीच्या मार्गावर होता. रोख बक्षिसाचा तर तो हमखास दावेदार होता. त्याने होडी इंग्लंडकडे न वळवता पुन्हा पूर्वेकडे वळवली. केपटाऊनजवळ गलोलीने एका जहाजावर चिठ्ठी फेकली. आपण न थांबता पॅसिफिकच्या बेटांकडे चाललो आहोत, कारण समुद्रावर आपण सुखी आहोत आणि कदाचित आपला आत्मा वाचवण्यासाठीही, असं तीत लिहिलं होतं. जूनमध्ये तो ताहितीला पोचला. बायकोमुलं इकडे वाट पाहत होती.

मोआतेसिए पुढे दंतकथा झाला. त्याचं वागणं क्रोहर्स्टपेक्षा जास्त समजण्यासारखं आहे का? मला नाही वाटत. आपण त्याला मान देतो कारण त्याने जिंकणं नाकारलं, आणि ते आपल्याला उदात्त वाटतं. घरी वाट पाहणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर दोघेही न परतलेले पुरुष. फरक एवढाच आणि तो मोठा आहे, की मोआतेसिएने निर्णय घेतला, तो एका कागदावर लिहिला आणि जगाला कळवला. कळवल्याबरोबर तो मोकळा झाला. क्रोहर्स्टला कित्येक महिने जे जमलं नाही ते याने एका गलोलीच्या फटक्यात केलं. अर्थात मोआतेसिएच्या मागे बेस्ट नव्हता आणि घराचं गहाणखतही नव्हतं. स्वातंत्र्याचं कौतुक करताना आपण त्यामागची जमाखर्चाची वही पाहत नाही.

शेवटून पहिला

एप्रिलमध्ये क्रोहर्स्ट पुन्हा रेडिओवर आला. आपण हॉर्नजवळच्या डिएगो रामिरेझ बेटांकडे निघालो आहोत असं त्याने मोघम कळवलं आणि बाकीच्यांची खबर विचारली. तीन महिन्यांची शांतता, मग ही तार. हॉलवर्थला आणखी काय हवं होतं? मोघम तारेतल्या मोकळ्या जागा त्याने स्वतःच्या उत्साहाने भरल्या.

२२ एप्रिलला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन फालमथला पोचला आणि न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. त्याची 'सुहैली' ही सागवानी होडी मुंबईत बांधलेली. ती दणकट पण संथ, ३१२ दिवस लागले. चषक गेला. उरली रोख रकमेची शर्यत. त्यात पुढे होता नायजेल टेटली. त्याची होडीही ट्रायमरन, क्रोहर्स्टच्या होडीच्याच घडणीची.

क्रोहर्स्टचा बेत आता स्पष्ट दिसतो. टेटलीच्या मागे राहायचं. शेवटचा पण सन्माननीय क्रमांक घ्यायचा. हरलेल्याची लॉगबुकं कोण बारकाईने तपासतं? परत गेलं की 'प्रयत्न तरी केला' म्हणून कौतुक, कंपनीला थोडी प्रसिद्धी, बेस्टला सबब सांगायला जागा. पैशाच्या लोभाने फसवणूक केली असं म्हणणाऱ्यांनी या बेताचा अर्थ लावून दाखवावा. त्याला ५००० पौंड नको होते. त्याला अब्रूनिशी घरी जायचं होतं, आणि त्यासाठी जिंकणं ही सर्वांत धोक्याची गोष्ट होती.

पण टेटलीला हे कुठे माहीत? त्याला एवढंच कळत होतं की मागून क्रोहर्स्ट झपाट्याने येतो आहे. प्रदक्षिणा पुरी झाली होती, फक्त घरी पोचायचं उरलं होतं. जीर्ण झालेली होडी त्याने ताणली. २१ मेच्या पहाटे ॲझोर्स बेटांच्या परिसरात ती फुटली आणि बुडाली. टेटली तराफ्यावरून वाचला. नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी शर्यत खेळून त्याने खरीखुरी होडी गमावली होती. क्रोहर्स्टच्या कागदी खोट्याने पहिल्यांदा कुणाचं तरी खरं नुकसान केलं होतं, आणि ते त्याला तारेने कळलं.

आता तोच एकटा उरला. तो परतला की वेगाचं बक्षीस त्याचं. विजेत्याची लॉगबुकं तपासली जाणार, आणि परीक्षकांचा प्रमुख होता शंका घेणारा चिचेस्टर. टिनमथमध्ये स्वागताची जंगी तयारी सुरू झाली, लाखभर लोक येतील अशा वार्ता त्याला कळवल्या जात होत्या. इकडे त्याचा रेडिओ बिघडला. जूनचे कित्येक दिवस तो सुट्या भागांच्या ढिगात बसून, उष्ण हवेत, तो दुरुस्त करत राहिला आणि त्याने तो केलाही. तेवढ्या साधनांत ते काम करणं सोपं नव्हतं. मला वाटतं, हे त्याचं शेवटचं समाधानाचं काम असावं. तारा होत्या, बिघाड होता आणि बिघाडाला उत्तर होतं.

२४ जूनपासून तो दुसरंच काही लिहू लागला. देव, काळ, विश्व, मनाने शरीरातून मुक्त होणं. आठवडाभरात सुमारे २५,००० शब्द. होडी जवळजवळ वाऱ्यावर सोडलेली. घड्याळं बंद पडली होती आणि त्याला वेळेचं भान उरलं नव्हतं, मग शेवटच्या पानावर तो मिनिटामिनिटाची, सेकंदाची नोंद करू लागला. १ जुलैला नोंदी थांबतात. त्यात तो म्हणतो की हे संपलं, हीच दया आहे. १० जुलैला 'पिकार्डी' या टपालाच्या जहाजाला 'टिनमथ इलेक्ट्रॉन' सापडली. मागचं एक शीड उभारलेलं, जीवरक्षक तराफा जागच्या जागी, माणूस नाही. त्याने पाण्यात उडी घेतली असावी असंच सगळे मानतात.

लॉगबुकं

फेरी पुरी करणारा नॉक्स-जॉन्स्टन एकटाच उरल्यामुळे ५००० पौंडही त्यालाच मिळाले होते. ते त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. नंतर खोटं उघड झालं, तरी त्याने ते परत घेतले नाहीत. एवढं म्हणून पुढे जातो, कारण चांगुलपणा समजावून सांगावा लागत नाही असं आपण उगीचच मानतो आणि त्यावर थांबलो तर दुसरा लेख होईल.

थांबावंसं वाटतं ते लॉगबुकांशी. टेटलीची होडी बुडाल्यावर क्रोहर्स्टपुढे एक वाट होती आणि ती त्याच्यासारख्या हुशार माणसाला दिसली नसेल हे शक्य नाही. होडी फोडायची. नाहीतरी ती गळकीच होती. त्याच घडणीची दुसरी होडी नुकतीच बुडाली होती, म्हणजे कुणाला संशयही आला नसता. लॉगबुकं समुद्रात गेली असती, तो तराफ्यावरून वाचला असता आणि घरी वीरासारखा पोचला असता. खोटं कायमचं पचलं असतं. मोहीम अपघाताने संपली म्हटल्यावर बेस्टशीही काहीतरी तडजोड निघाली असती.

त्याने ते केलं नाही. होडी तरंगती ठेवली आणि खऱ्या नोंदी वाचता येतील अशा मागे ठेवल्या. इतक्या महिन्यांची सगळी हिकमत वाया घालवणारा पुरावा त्याने स्वतःच टिकवला. होडीवरचं कालमापक यंत्र सापडलं नाही, पण त्याच्या खोट्याचा हिशेब सापडला. 'लबाड' या शब्दात हे बसत नाही.

माझं वाचन असं आहे. जोवर आपलं खोटं कुणाची जागा घेत नाही तोवर ते त्याला पेलत होतं. शेवटच्या क्रमांकावर बसलेलं खोटं हे त्याच्या लेखी अब्रूपुरतं, घरगुती खोटं होतं. टेटलीची होडी गेली आणि त्याची खुर्ची आपल्याकडे सरकली, तेव्हा तेच खोटं चोरी झालं. मागे ठेवलेली लॉगबुकं ही कित्येक महिने पुढे ढकललेल्या निर्णयाची घोषणा होती, मोआतेसिएच्या चिठ्ठीसारखी, फक्त वाचणारे येईपर्यंत लिहिणारा निघून गेला होता.

या वाचनाला एक मोठी अडचण आहे आणि ती लपवता येत नाही. १ जुलैच्या आसपासचा त्याचा मजकूर विस्कटलेला आहे. ज्याची वाक्यंही जागेवर राहिलेली नाहीत, त्याने लॉगबुकं विचार करून मागे ठेवली की नुसती ठेवून दिली, हे त्या कागदांवरून ठरत नाही. मी पहिलं मानतो, कारण २४ जूनच्या आधी, डोकं ठिकाणावर असताना, होडी फोडायला त्याला जवळजवळ महिना मिळाला होता. त्या महिन्यात त्याने रेडिओ दुरुस्त केला.